कॉलेज बदलायचंय की विद्यापीठ?

सांगलीचं कॉलेज सोडून कोल्हापूरला यायचं आणि सोलापूरचं सोडून कोल्हापूरला यायचं, घरात दोन्हीला ‘ॲडमिशन इकडं करून घेऊ’ एवढंच म्हणतात. पहिलं कॉलेज बदलणं आहे, दुसरं विद्यापीठ बदलणं. ही गल्लत झाली की पोरांचं वर्ष पणाला लागतं, म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो.

शिवाजी विद्यापीठाची हद्द कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांची. अंतराचा इथं काही संबंध नाही. लांबचं फलटण सातारा जिल्ह्यात, म्हणून ते आपलं. त्याच्या शेजारची बारामती पुणे विद्यापीठात. निपाणी तर हाकेच्या अंतरावर, पण राज्यच वेगळं. सोलापूर २००४ पर्यंत आपल्याकडंच होतं, मग तिथं स्वतंत्र विद्यापीठ झालं. आणि सांगली रस्त्यावर अतिग्र्याला घोडावत विद्यापीठ आहे. ते खासगी, स्वतंत्र. शहरातल्या कॉलेजातून तिथं जाणं म्हणजेही विद्यापीठ बदलणं.

हद्दीतल्या हद्दीत काम सोपं असतं. जागा रिकामी हवी, दोन्ही कॉलेजांची ना-हरकत हवी, टीसी हवा. कॉलेज स्वायत्त असेल तर मात्र अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा असतो, तेवढा ताडून बघा.

विद्यापीठ बदलताना मायग्रेशन, म्हणजे जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला लागतो, पात्रता तपासली जाते, आणि खरी मेख समकक्षतेत असते. नव्या शैक्षणिक धोरणात एका सत्राला २० ते २२ क्रेडिट (श्रेयांक) असतात आणि ते एबीसी खात्यात, म्हणजे क्रेडिट साठवायच्या ऑनलाइन खात्यात जमा होतात. खात्यावर दिसतात म्हणून नवीन विद्यापीठ ते धरेलच, असं समजू नका. आधी शिकलेले विषय तिकडच्या विषयांशी जुळले पाहिजेत.

आमच्या शेजारची मुलगी वडिलांच्या बदलीमुळं सोलापूरहून आली, बीएस्सीचं पहिलं वर्ष करून. तिच्यापुढं दोन विद्यापीठं होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना अभ्यासक्रम मधे आणि दोन नवे दोन बाजूंना ठेवून आम्ही पेन्सिलीनं एकेक पेपर जुळवत गेलो. एका बाजूला एकच पेपर उरला, दुसऱ्या बाजूला चार. ते चार पेपर तिला दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाबरोबर द्यावे लागले असते. ती ज्या विद्यापीठाचं नाव घेऊन आली होती, ते नेमकं चार पेपरवालं निघालं. रात्रभर विचार करून तिनं दुसरं निवडलं, आणि मला ते पटलं. विद्यापीठाच्या नावाला मानणारा मीही आहे, पण चार पेपर डोक्यावर घेऊन नव्या गावात, नव्या वर्गात बसणं सोपं नसतं.

एक गोष्ट मात्र तिच्या हातून निसटता निसटता राहिली. ती टीसी आधीच काढायला निघाली होती. टीसी काढला की जुन्या कॉलेजातलं नाव कमी होतं, आणि नवीन ठिकाणी पात्रतेत अडकलं तर दोन्हीकडची दारं बंद. तिच्या वडिलांनी आधी विषय मान्य असल्याचं लेखी घेतलं, मगच ते टीसीसाठी सोलापूरच्या एसटीत बसले.