आयपीओची शरिया तपासणी: तेहतीस टक्के, पण कशाचे?

नव्या कंपनीचा शेअर आयपीओतून, म्हणजे पहिल्या जाहीर विक्रीतून, बाजारात आला की मुस्लिम गुंतवणूकदारांकडून प्रश्न ठरलेला असतो: हा शरियाला चालतो का? एक यादी हो म्हणते, दुसरी नाही म्हणते, आणि मग उलेमांचे एकमत नाही असे सांगून विषय मिटवला जातो. मतभेद आहेतच. पण नव्या शेअरच्या बाबतीत घोळ बहुतेक वेळा फिकहपेक्षा (इस्लामी धर्मशास्त्रापेक्षा) अंकगणितात असतो. भागायचे कशाने आणि ताळेबंद कोणत्या तारखेचा धरायचा, यावर निकाल फिरतो.

मुळात तीस-पस्तीस वर्षांपूर्वी टक्केवारीचा प्रश्नच नव्हता. इस्लामी परिषद संघटनेच्या फिकह अकादमीने १९९२ मध्ये जेद्दाहला जो ठराव केला, तो कडक होता. मद्य, जुगार, व्याजी बँकिंग हाच धंदा असलेल्या कंपनीचे शेअर वर्ज्य होतेच. मुख्य धंदा हलाल, पण अधूनमधून व्याजाचा व्यवहार होतो, अशा कंपनीचे शेअरही तत्त्वतः निषिद्ध ठरवले गेले. हा नियम अक्षरशः पाळला तर शेअर बाजारात जवळपास काहीच उरत नाही, कारण चालू भांडवलासाठी कर्ज न घेणारी आणि बँकेत ठेव न ठेवणारी कंपनी शोधूनही सापडत नाही. म्हणून फंडांसाठी काम करणाऱ्या शरिया मंडळांनी सवलतीची मर्यादा आखली. १९९९ मध्ये बहारीनमध्ये डाऊ जोन्सचा इस्लामी निर्देशांक सुरू झाला आणि कर्जासाठी ३३ टक्क्यांचा आकडा जगभर रुळला.

हा आकडा आला एका प्रसिद्ध हदीसमधून, म्हणजे प्रेषितांच्या वचनातून: ‘एक तृतीयांश, आणि एक तृतीयांशही पुष्कळच.’ मूळ संदर्भ मृत्युपत्राने किती संपत्ती देता येते याचा. कंपनीच्या कर्जाशी त्याचा थेट संबंध नाही, हा आक्षेप जुना आहे आणि तो खोडून काढणे सोपे नाही. पण मर्यादा कुठेतरी आखावी लागते, आणि निदान या आकड्यामागे परंपरेतला काही आधार तरी आहे.

खरा फरक आहे तो छेदाचा. डाऊ जोन्सने कर्जाला कंपनीच्या गेल्या २४ महिन्यांच्या सरासरी बाजारमूल्याने भागले. एस अँड पीने ३६ महिन्यांची सरासरी घेतली. फुत्सी या ब्रिटिश निर्देशांक कंपनीने आणि मलेशियाने एकूण मालमत्ता हा छेद धरला. मुंबईच्या तासिस या सल्लागार संस्थेनेही मालमत्ताच धरली आणि मर्यादा आणखी आवळल्या: व्याजी कर्ज मालमत्तेच्या २५ टक्क्यांपर्यंत, व्याजाचे उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ३ टक्क्यांपर्यंत, येणी आणि रोकड मिळून ९० टक्क्यांपर्यंत. मुंबई शेअर बाजाराने २७ डिसेंबर २०१० रोजी आणलेला पन्नास कंपन्यांचा शरिया निर्देशांक याच निकषांवर बेतला होता.

जुन्या कंपनीला निदान हे सगळे छेद लावता तरी येतात. नव्या कंपनीला नाही. काल नोंदणी झालेल्या शेअरला ३६ महिन्यांचे बाजारमूल्य कुठून आणणार? मिळतील तेवढ्या महिन्यांवर भागवावे लागते, आणि पहिले काही महिने म्हणजे नेमका उत्साहाचा काळ. शेअर चढ्या भावाला आला असेल तर छेद फुगतो आणि कर्ज चिमुकले दिसते. वर्षभरात भाव निम्म्यावर आला की एक पैसाही नवे कर्ज न घेता तीच कंपनी मर्यादा ओलांडू शकते. एकूण मालमत्तेचा छेद रटाळ असला तरी नव्या शेअरसाठी अधिक भरवशाचा आहे.

पण त्यातही एक खाच आहे. समजा, एका कंपनीची मालमत्ता ६०० कोटी, व्याजी कर्ज २४० कोटी आणि रोकड ३० कोटी आहे. कर्ज ४० टक्के, म्हणजे नापास. तिने ४०० कोटींचे नवे शेअर विकले. पैसे खात्यात आले त्या दिवशी मालमत्ता १,००० कोटी, कर्ज २४ टक्के, पण रोकड ४३० कोटी. आता कर्जाच्या निकषावर पास आणि रोकड-ठेवींसाठीही ३३ टक्केच मर्यादा धरली तर त्या निकषावर नापास. पुढे १५० कोटींचे कर्ज फेडले की मालमत्ता ८५०, कर्ज ९० आणि रोकड २८० कोटी उरते. कर्ज साडेदहा टक्क्यांच्या आसपास, रोकड ३२.९ टक्के. ३३ च्या मर्यादेत जेमतेम बसते. मात्र ते २८० कोटी ७ टक्क्यांनी वर्षभर ठेवीत राहिले तर १९.६ कोटी व्याज मिळेल. विक्री ५०० कोटींची असेल तर व्याज एकूण उत्पन्नाच्या पावणेचार टक्क्यांवर जाते. पाच टक्क्यांची मर्यादा मानणाऱ्यांना ही कंपनी चालेल, तासिसच्या तीन टक्क्यांत बसणार नाही. कंपनी तीच, वर्ष तेच.

इश्यू (शेअरविक्री) ‘ऑफर फॉर सेल’चा, म्हणजे जुन्याच शेअरच्या विक्रीचा असेल तर यातले काहीच घडत नाही. पैसे जुन्या भागधारकांच्या खिशात जातात, कंपनीचा ताळेबंद जागचा हलत नाही आणि ४० टक्के कर्ज ४० टक्केच राहते. ‘आयपीओनंतर कर्ज कमी होईल’ हे वाक्य ऐकले की आधी इश्यूमध्ये नवे शेअर किती आणि जुने किती ते पाहावे.

भारतात या गणिताला नियमांची जोड आहे. बाजार नियामक सेबीच्या नियमानुसार इश्यूचे पैसे वापरात येईपर्यंत फक्त अनुसूचित व्यापारी बँकांतच ठेवता येतात. इस्लामी बँक आपल्याकडे नाही. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये व्याजमुक्त बँकिंगची शिफारस केली होती, पण रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवल्याचे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे इथल्या कंपनीला पैसे मुदत ठेवीत ठेवून व्याज घेणे, किंवा चालू खात्यात पाडून ठेवून भागधारकांची नाराजी ओढवून घेणे, एवढेच पर्याय उरतात. कोणतीही कंपनी पहिलाच निवडणार.

तारखांचा पेच वेगळाच. प्रॉस्पेक्टसमधला (इश्यूच्या माहितीपत्रकातला) ताळेबंद इश्यूच्या आधीचा असतो. आपल्याकडे ताळेबंद सहामाहीने जाहीर होतो. शेअर ऑक्टोबरमध्ये नोंदला गेला तर नोव्हेंबरमधला सप्टेंबरअखेरचा ताळेबंदही जुनाच असतो. इश्यूचे पैसे दाखवणारा पहिला ताळेबंद मार्चअखेरचा, आणि तो बहुधा मे महिन्यात हाती येतो. मधल्या काळात ‘पास’ किंवा ‘नापास’ सांगणारी ॲप बहुतेक वेळा शिळ्या आकड्यांवर बोलत असतात. तोवर प्रॉस्पेक्टसमधली तीन ठिकाणे उपयोगी पडतात: इश्यूच्या उद्दिष्टांमध्ये कर्जफेडीची रक्कम आणि खर्चाचे वेळापत्रक, भांडवल विवरणात इश्यूआधीचे कर्ज, आणि ‘इतर उत्पन्ना’च्या टिपेत व्याजाचा आकडा. नव्या शेअरचा भाग १०० कोटींहून मोठा असेल तर देखरेख संस्थेचा तिमाही अहवालही निघतो. न वापरलेले पैसे कुठे ठेवले आहेत हे त्यात असते. फुकट मिळणारा हा अहवाल फारसे कोणी उघडत नाही.

मलेशियाने हा प्रश्न आधीच ओळखला. तिथल्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरिया सल्लागार मंडळाने पहिली अधिकृत यादी जून १९९७ मध्ये काढली. ती आता मे आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी निघते. नव्या कंपनीला पुढच्या यादीपर्यंत ताटकळावे लागू नये म्हणून इश्यूआधीच वर्गीकरण मिळण्याची सोय आहे आणि निकाल प्रॉस्पेक्टसमध्येच छापला जातो. नोव्हेंबर २०१३ पर्यंत तिथे मुख्यतः धंद्याचे स्वरूपच तपासत. मग कर्ज आणि रोकड यांवर मालमत्तेच्या ३३ टक्क्यांची मर्यादा आली आणि पहिल्याच यादीतून दीडशेहून अधिक शेअर गळाले. पण तिथे इस्लामी खात्यातली रोकड आणि इस्लामी पद्धतीने घेतलेला वित्तपुरवठा या गणितात धरत नाहीत. त्यामुळे बाजारात येण्याआधी ठेवी आणि कर्जे इस्लामी खिडकीत, म्हणजे बँकेच्या इस्लामी विभागात वळवली की वरच्या उदाहरणातली कंपनी सहज पास होईल. यात पळवाट आहे असे कोणी म्हणेल. पण नियमाने वागणूक बदलावी हाच नियमाचा हेतू असेल, तर तो इथे साधला आहे.

प्राथमिक बाजाराचा एक निराळा मुद्दा पाकिस्तानी धर्मशास्त्रज्ञ मुफ्ती तकी उस्मानी यांनी मांडला. नव्या कंपनीत सुरुवातीला पैसे भरणे म्हणजे भागीदारीत उतरणे. तिथे धंदा वैध आहे का एवढेच पाहायचे. बाजारातून शेअर घेणे म्हणजे कंपनीच्या मालमत्तेचा हिस्सा विकत घेणे. कंपनीकडे अजून नुसते पैसेच असतील, यंत्रे, जमीन, माल काहीच नसेल, तर तो पैशाच्या बदल्यात पैसा देण्याचा व्यवहार झाला आणि दर्शनी किमतीहून कमी-अधिक भाव चालत नाही. चालू कारखान्याच्या आयपीओला ही अट आड येत नाही. कोरी नवी कंपनी असेल तर येते.

त्याच न्यायाने ग्रे मार्केट बाद ठरते. वाटपाआधी शेअर विकणे म्हणजे हातात नसलेली वस्तू विकणे. कोस्टकवर, म्हणजे ठरलेल्या रकमेला, अर्जच विकला तरी अडचण सुटत नाही. अर्जाचे पैसे उधार घेऊन भरणेही नाही, कारण वित्तसंस्थेचे आयपीओ कर्ज व्याजावरच असते. अर्जाच्या पैशांचा प्रश्न मात्र २००८ मध्ये आलेल्या अस्बाने बराच सोपा केला. रक्कम अर्जदाराच्याच खात्यात गोठते. बचत खाते असेल तर त्यावर व्याज जमा होते, ते वेगळे काढून दान करावे. चालू खाते वापरले तर तोही हिशोब उरत नाही.

लाभांशाचे शुद्धीकरण साधे आहे. वरच्या उदाहरणात व्याज उत्पन्नाच्या ३.७७ टक्के आहे, म्हणजे दर शेअरला १० रुपये लाभांश मिळाला तर त्यातले सुमारे ३८ पैसे दान करायचे. सवाबाची (पुण्याची) अपेक्षा न ठेवता.

कंपनी यादीतून गळाली तर काय, हे मलेशियात लिहून ठेवले आहे. घोषणेच्या दिवशी भाव खरेदीएवढा किंवा वर असेल तर शेअर विकायचा. त्या दिवसाच्या बंद भावापर्यंतचा नफा आपला, त्यानंतरची वाढ बैतुलमालला (सार्वजनिक धर्मनिधीला) किंवा दानात. भाव खरेदीपेक्षा खाली असेल तर लाभांश धरून मूळ रक्कम वसूल होईपर्यंत थांबता येते. चुकून मुळातच वर्ज्य शेअर घेतला असेल तर कळल्यापासून महिनाभरात विकून फक्त मूळ रक्कम ठेवायची. भारतात सेबीची अशी कोणतीही यादी नाही, मुदतही नाही. टाटा एथिकल किंवा टॉरस एथिकलसारख्या फंडांत हा निर्णय ते ते फंड आपापल्या निकषांनुसार घेतात. थेट शेअर घेणाऱ्याने मात्र खरेदीच्याच दिवशी आपण कोणता निकष मानतो ते लिहून ठेवावे, नाहीतर भाव पडल्यावर सोयीची यादी शोधली जाते.