रंग नवा, इंजिन जुनं

२००४ साली एमटीव्हीवर 'पिम्प माय राइड' सुरू झालं. लॉस एंजेलिस परिसरातल्या कुणा तरुणाची खिळखिळी गाडी घ्यायची, गॅरेजमध्ये पार बदलायची आणि रॅपर एक्झिबिटच्या साक्षीने परत द्यायची. आधी वेस्ट कोस्ट कस्टम्स आणि नंतर गॅल्पिन ऑटो स्पोर्ट्स या गॅरेजांनी ते काम केलं.

या शहराला गाड्या नटवण्याचं वेड जुनंच. मेक्सिकन वस्त्यांमधल्या जमिनीलगत धावणाऱ्या लोरायडर गाड्या तिथल्याच. १९५५ची लिंकन फ्युचुरा ही प्रदर्शनातली गाडी घेऊन जॉर्ज बॅरिस यांनी १९६६च्या 'बॅटमॅन' मालिकेसाठी बॅटमोबाइल केली, तीही इथेच. २०१३च्या लिलावात तिला सुमारे ४६ लाख डॉलर मिळाले. एवढं भाग्य 'पिम्प माय राइड'मधल्या गाड्यांना कुठून लाभणार?

त्या गाड्या मुळातच जुन्या, गंजलेल्या. त्यांत स्क्रीन, अॅम्प्लिफायर, मोठी चाकं बसवली की डिकीचं वजन मागच्या स्प्रिंगांवर येतं आणि विजेचा सगळा भार जुन्या वायरिंगवर, बॅटरीवर आणि ती चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर. २०१५ साली काही मालकांनी मुलाखतींतून पुढची हकीकत सांगितली. काम काही महिने रेंगाळलं, तोवर स्वतःची गाडी हाताशी नाही. इंजिनाला फारसा हात लागला नव्हता. कॅमेऱ्यासमोर बसवलेल्या काही वस्तू चित्रीकरण संपल्यावर काढून घेतल्या गेल्या. एकाच्या सीटमधले दिवे बसवत नाही इतके तापायचे. निर्मात्यांपैकी एकाचं म्हणणं असं की, गाड्या चालत्या करण्यासाठी मेहनत घेतली होती, पण काही इतक्या जुन्या होत्या की बिघाड अटळ होता. मला हे पटतं, पण अर्धंच. ज्याला रोज कामावर जायचं आहे, त्याला आधी खात्रीचे ब्रेक आणि भरवशाचं इंजिन द्यायला हवं होतं.

ब्रिटनमधल्या 'व्हीलर डीलर्स'ची रीत वेगळी. २००३पासून हा कार्यक्रम जुनी गाडी विकत घेऊन, दुरुस्त करून विकतो. गिऱ्हाईक स्वतःचे पैसे मोजणार, म्हणून इंजिनकामही पडद्यावर तपशिलात दिसायचं. तेच कमी करण्याचा आग्रह होऊ लागला, तेव्हा मेकॅनिक एड चायना यांनी २०१७ साली कार्यक्रम सोडला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना ही.

आपल्याकडे अशा बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं.

अमेरिकेतल्या त्या गाड्यांचा माग लागणं कठीण. बहुतेक वेळा मालक सांगेल तेवढंच कळतं. ब्रिटनमध्ये मात्र गाडी जुनी झाली की दरवर्षी एमओटी तपासणी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का याची सक्तीची तपासणी, होते आणि तिचा निकाल सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. टीव्हीवर दिसलेला नंबर टाकला की टायर कधी झिजले, गंज कुठे धरला, गाडी किती मैल चालली हे वर्षागणिक वाचता येतं, आणि कोणत्या वर्षानंतर नोंदी थांबल्या तेही.