शेनिन ब्लाँ आणि नाशिकचा बागायतदार : पार्श्वभूमी

शेनिन ब्लाँ हे फ्रान्समधील लुआर खोऱ्यातले, वाइनसाठी वापरले जाणारे पांढरे द्राक्ष दक्षिण आफ्रिकेत ‘स्टीन’ या नावाने इतके रुळले होते, की स्टीन आणि शेनिन ब्लाँ हा एकच वाण असल्याचे तेथे थेट १९६० च्या दशकात उघड झाले. आज त्याची सर्वाधिक लागवड त्याच देशात आहे. कडक उन्हातही मण्यातला आंबटपणा टिकतो, हा या वाणाचा मोठा गुण आहे. म्हणूनच त्यापासून कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली), गोड आणि फेसाळ अशी तिन्ही प्रकारची वाइन होते.

नाशिक परिसरात १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेला हा वाण २००१ च्या राज्य धोरणाने वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिल्यावर फोफावला. लुआरमध्ये वेल थंडीत सुप्त राहते आणि वर्षाला एकच छाटणी पुरते. येथे मात्र वेल तशी सुप्त होत नाही, म्हणून एप्रिलची (नव्या काड्यांसाठीची) खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची (फळासाठीची) गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. शेनिनचा घड घट्ट आणि मण्याची साल पातळ असते. आतला एक मणी फुटला की रस शेजारच्या मण्यांवर ओघळतो आणि घड आतून कुजू लागतो. बाहेरून तो काही काळ निरोगीच दिसतो.

तरीही बागायतदाराची खरी अडचण रोगाची नसून गिऱ्हाइकाची आहे. थॉम्पसन या बिनबियांच्या, खाण्याच्या द्राक्षाला भाव मिळाला नाही तर निदान बेदाणा करता येतो. शेनिनचे बारीक, बियांचे मणी वायनरीने नाकारले तर त्यांना दुसरी बाजारपेठच उरत नाही. २००८-०९ च्या मंदीत वायनऱ्यांनी हात आखडता घेतला, तेव्हा अनेकांना वाइन द्राक्षांच्या बागा तोडाव्या लागल्या.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तो बागायतदारांना बाजारपेठ मिळावी असे कारण देऊन. त्यावरचा बराचसा वाद मात्र ‘वाइन म्हणजे दारू का?’ या एका प्रश्नाभोवती फिरला. कायद्याच्या दृष्टीने वाइन हे मद्यच आहे आणि तिच्यात साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल असते, त्यामुळे ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हा समर्थकांचा दावा शब्दशः टिकणारा नव्हता. किराणा घेताना मुलांच्या नजरेसमोर बाटल्या येतील, ही विरोधकांची काळजीही खोटी नव्हती. परंतु मराठीत ‘दारू’ हा एकच शब्द गावठी भट्टीपासून शेनिनच्या बाटलीपर्यंत सर्वांना लागू होतो, आणि त्या एका शब्दाखाली बागायतदाराचा प्रश्न झाकला गेला. पुढे हरकती-सूचना मागवल्या गेल्या आणि निर्णयाची अंमलबजावणी रखडली.