रक्तातल्या टिपऱ्या

दाजींनी वाळव्याहून व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली. रक्ताचा एक थेंब, सगळे कॅन्सर ओळखा. खाली त्यांचा प्रश्न: "पाव्हणं, हे खरं हाय का?" मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडेच येतात. फोनवर सांगून होईना, म्हणून लिहायला बसलो. थोडक्यात सांगायचं तर रक्ताचं खरं आहे, थेंबाचं खोटं.

तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, हे शाळेत शिकलोय. म्हणजे रक्तातला डीएनए पांढऱ्या पेशींचा. बरोबर, पण तेवढाच नाही. जांभळ्या बुचाची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काढली की तळाला तांबडं रक्त दिसतं, त्यावर पांढऱ्या पेशींची पातळ साय आणि वर पिवळसर प्लाझ्मा. या प्लाझ्मात डीएनएचे सुटे तुकडे असतात. मांडेल आणि मेते या फ्रेंच शास्त्रज्ञांना ते 1948 मध्ये सापडले, डीएनएची दुहेरी शिडी जगाला कळण्याआधी पाच वर्षं. पुढची कित्येक वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि त्यांचा डीएनए तुकडे होऊन रक्तात येतो. कॅन्सरच्या गाठीतल्या पेशीही मरतात, त्यांचेही तुकडे येतात, आणि त्यांवर त्या गाठीतले बिघाड जसेच्या तसे लिहिलेले असतात. पण मला वेड लावलं ते या तुकड्यांच्या लांबीनं. कुणाचंही रक्त घ्या, बहुतेक तुकडे 166 अक्षरांच्या आसपास भरतात, एक अक्षर म्हणजे डीएनएच्या शिडीची एक पायरी. हा आकडा आला कुठून?

दाजी, ऊस लावायला टिपऱ्या कशा तोडता ते आठवा. कोयता डोळ्यावर चालवत नाही, दोन डोळ्यांच्या मधल्या पेरात चालवता. मरणारी पेशी तेच करते. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटर भरेल. तो मावावा म्हणून प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एका रिळावर 147 अक्षरं, म्हणजे पावणेदोनला जरा कमीच वेढे. दोन रिळांच्या मध्ये थोडा मोकळा दोरा राहतो. पेशी मरायला लागली की डीएनए कापणारी विकरं सुटतात. रिळावरच्या दोऱ्यापर्यंत त्यांचा हात पोचत नाही, ती मोकळ्या दोऱ्यावर चालतात. 147 रिळावरची आणि मोकळ्या दोऱ्याच्या शेपटाची वीसेक, झाली 166. कुठे कुठे दोन रिळं एकत्र सुटतात. ती दोन डोळ्यांची टिपरी, 330 च्या आसपास.

पुढचं जरा किचकट आहे, पण सोडवत नाही. 147 पेक्षा आखूड तुकडे मोजले तर आलेखात दर दहा अक्षरांवर एक टेंगूळ दिसतं. डीएनएची शिडी साधारण दहा अक्षरांत एक पीळ घेते, त्यामुळे रिळावर असतानाही तिची एक बाजू दर दहा अक्षरांनी बाहेर येते. विकराला तेवढीच फट सापडते. एवढ्याशा रक्तातून ही लय उमटते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चहा तसाच गार होऊ दिला होता.

उसाशी तुलना इथे संपते. यकृताच्या पेशीत जी जनुकं चालू असतात, ती फुप्फुसात चालू असतीलच असं नाही, आणि चालू जनुकापाशी रिळं सरकलेली असतात. म्हणून काप कुठे पडला यावरून तुकडा कुठल्या अवयवाचा, याचा अंदाज बांधता येतो. गाठीतून आलेले तुकडे बऱ्याचदा थोडे आखूडही असतात, 145 च्या आसपास.

आता थेंबाचा हिशोब. दहा मिलिलिटर रक्तातून चार मिलिलिटर प्लाझ्मा धरा. त्यात सगळा मिळून वीसेक नॅनोग्रॅम सुटा डीएनए, म्हणजे माणसाच्या पूर्ण जनुकसंचाच्या सहा हजार प्रती. सुरुवातीच्या गाठीचा वाटा दहा हजारांत एक असू शकतो. म्हणजे अख्ख्या नळीत त्या एका बिघाडाची एकसुद्धा प्रत नसेल! म्हणून एका खुणेवर न थांबता शेकडो, हजारो खुणा एकदम तपासतात. आणि एका थेंबात? तीसेक प्रती. यंत्र कितीही भारी आणा, जे नळीत आलंच नाही ते दिसणार कसं?

त्यात नळी नुसती ठेवून दिली तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए सगळं गढूळ करतो. म्हणून साध्या नळीतला प्लाझ्मा काही तासांत वेगळा काढावा लागतो, तोही पांढऱ्या सायीला पिपेट न लावता.

कॅन्सर आहे हे माहीत असलेल्या रुग्णाला मात्र ही तपासणी आजच उपयोगी पडते. फुप्फुसाच्या कॅन्सरात कुठलं औषध लागू पडेल हे रक्तावरून ठरवायला अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली. आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या कॅन्सरवर ऑस्ट्रेलियात अभ्यास झाला, तो 2022 मध्ये छापून आला. ऑपरेशननंतर रक्तात तुकडे आहेत का हे पाहून केमो द्यायची की नाही ते ठरवलं, तर केमो घेणारे 28 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आले, आणि आजार उलटण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. हे तुकडे रक्तात फार टिकत नाहीत, दोनेक तासांत निम्मे होतात. त्यामुळे आजचं रक्त आजचीच गोष्ट सांगतं.

निरोगी दिसणाऱ्या माणसांतून कॅन्सर शोधायची चाळणी ही अजून वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेत 2024 मध्ये मान्यता मिळालेली आतड्याच्या कॅन्सरची रक्ततपासणी 83 टक्के कॅन्सर पकडते, पण कॅन्सर व्हायच्या आधीच्या मोठ्या गाठी फक्त 13 टक्के. आतड्यात दुर्बीण घालून बघण्याला तिथे अजून पर्याय नाही. दाजींनी त्याच दिवशी हळदीच्या गोळ्यांचीही जाहिरात पाठवली होती, गाठ विरघळवणाऱ्या. सांगलीच्या बाजारात पोत्यांनी हळद बघितलेल्या माणसानं त्यावर विश्वास ठेवावा! हळदीतलं कर्क्युमिन तोंडावाटे घेतलं तर रक्तात जेमतेम पोचतं.

दाजींना फोन लावला. एवढं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "मग माझं काय करायचं?" दाजी तीस वर्षं तंबाखू मळतात. त्यांच्यासाठी नळी लागत नाही, थेंबही नाही. डॉक्टरनं बॅटरी मारून गालाच्या आत आणि जिभेखाली बघायचं, दोन मिनिटांचं काम. पांढरा चट्टा तिथे डोळ्यांनी दिसतो. गुरुवारी मिरजेला या म्हटलं.

"बरं," म्हणाले. मग जरा थांबून, "पुडी घरी ठेवून येऊ का?"