खळ, गवार आणि टाकणखार : स्लाइम आलं कुठून?

सोलापूरच्या साखर पेठेत आमच्या शेजारी एक पद्मशाली कुटुंब राहायचं. घरात हातमाग होता. सकाळी चहाच्या आधी चुलीवर खळीचं पातेलं चढायचं. त्या घरातल्या आजी, आम्ही सगळी पोरं त्यांना अव्वाच म्हणायचो, पीठ गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या आणि उकळत्या पाण्यात बारीक धारेनं सोडायच्या. खळ शिजली का हे बघायला अंगठा आणि तर्जनीत थेंबभर घेऊन बोटं हळूच लांब करायच्या. तार धरली की पातेलं खाली. ती खळ ताण्यावर, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांवर, कुंच्यानं फिरवली की सूत गुळगुळीत आणि भक्कम व्हायचं, मागावर सहजी तुटायचं नाही. तळाची खरवड आम्हाला मिळायची. तिच्या तारा काढत आमचा तासभर जायचा.

माझी पाच वर्षांची भाची निळं-गुलाबी स्लाइम, म्हणजे ताणलं की लांबणारा तो चिकट गोळा, ओढत बसते, तेव्हा मला अव्वांची बोटं आठवतात. स्लाइम हे परदेशातून, मोबाईलमधून आलेलं खूळ आहे असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. त्यातली एकेक वस्तू हातात घेऊन बघितली तर निम्म्या आपल्या परसातल्या निघतात.

आधी डिंकाचं बघू. खळीतला स्टार्च काय, गवारीच्या बियांतला गोंद काय, दोन्ही म्हणजे सूक्ष्म कणांच्या लांबच लांब साखळ्या. या साखळ्या खरंच असतात, हे हर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९२० मध्ये मांडलं तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांनी मान्य केलं नव्हतं. त्यांना नोबेल मिळालं ते १९५३ मध्ये. दरम्यान, १९२४ मध्ये जर्मनीतच विली हेरमान आणि वोल्फ्राम हेनेल यांनी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल तयार केलं. पाण्यात विरघळणारा हा कृत्रिम डिंक. १९३९ मध्ये री सुंग-गी या कोरियन शास्त्रज्ञानं जपानमध्ये त्याचा चक्क धागा काढला. पुढे कापडधंद्यात सायझिंगसाठी, म्हणजे ताण्याला खळ द्यायला, जगभर हाच डिंक वापरात आला. पारदर्शक स्लाइमसाठी जो गम घेतात त्यात बहुधा हेच असतं. पांढऱ्या फेविकॉलसारख्या गममध्ये त्याचा भाऊबंद, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट असतं. १८७० च्या दशकात जुनी मिल उभी राहिली त्या, चादरी-टॉवेलांच्या या गावाला स्लाइम परकं वाटायचं कारणच नाही. ते खळीच्याच कुळातलं आहे.

पण नुसत्या गमचं स्लाइम होत नाही. गम ओघळतो. त्याचा ताणला जाणारा गोळा व्हायला साखळ्यांना एकमेकींत अडकवणारं काहीतरी लागतं, आणि ते काम टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, करतो. सराफकट्ट्यावर डाग देताना सोनार वापरतो तोच. संस्कृतात टंकण, इंग्रजांनी कच्च्या टाकणखारासाठी उचललेला ‘टिंकल’ हा शब्दही त्यातूनच गेलेला. शतकानुशतकं तो लडाखमधल्या पुगा खोऱ्यातून आणि तिबेटच्या सरोवरांकाठून यायचा, शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर लादून, हिमालयाच्या खिंडी ओलांडून. पाण्यात विरघळला की त्यातले बोरेटचे कण शेजारशेजारच्या साखळ्यांना धरून ठेवतात. ही पकड कायमची नसते, सतत सुटते आणि पुन्हा बसते. हळू ओढलं तर तिला सुटून बसायला वेळ मिळतो आणि स्लाइम लांबत जातं. हिसका दिला की ते तुटतं. मुलांना हे कुणी सांगावं लागत नाही. दोन मिनिटांत त्यांच्या हातांना कळलेलं असतं.

बाजारात ‘स्लाइम’ याच नावानं हे खेळणं पहिल्यांदा आणलं मॅटेल या अमेरिकन कंपनीनं, १९७६ मध्ये. हिरवागार गोळा, छोट्याशा प्लास्टिकच्या कचराडब्यात भरलेला. आणि त्यातला मुख्य घटक होता गवारीचा गोंद! ज्या गवारीच्या शेंगा आपण शिरा काढून, दाण्याचं कूट घालून खातो, तिच्याच बियांचा. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, त्यातही राजस्थानात. तिच्या गोंदाला जगाच्या बाजारात भाव आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, कापड आणि कागदधंद्यात दुसऱ्या एका आयात गोंदाचा तुटवडा पडला म्हणून. अमेरिकेत खडक फोडून तेल आणि वायू काढतात तेव्हा जमिनीत जो घट्ट द्राव सोडतात, त्यातही कित्येकदा गवारीचा गोंद आणि बोरेटच असतं. स्लाइमचंच सूत्र. या मागणीनं गवारीचे भाव इतके भडकले की २०१२ मध्ये आपल्याकडे तिचे वायदे बंद करावे लागले.

घरी स्लाइम करायची वाट मात्र प्रयोगशाळेतून आली. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि टाकणखाराचा प्रयोग १९८६ मध्ये रसायनशास्त्र शिकवण्याबद्दलच्या एका अमेरिकन नियतकालिकात छापून आला आणि शाळाशाळांत पोचला. २०१६-१७ मध्ये इन्स्टाग्रामवर त्याची लाट आली. अमेरिकेत दुकानांतला गम संपला. आपल्याकडे ती लाट स्टेशनरीच्या दुकानांतल्या डब्या होऊन उतरली.

या डब्यांबद्दल मला बोलायचंच आहे. गेल्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेत भाचीला अशीच एक डबी घेऊन दिली. घटकांची चिठ्ठी नाही, वयाची सूचना नाही. दोन दिवसांत पोरीच्या बोटांच्या बेचक्यात लाल चट्टे उठले. कारण नेमकं काय ते मी सांगू शकत नाही, पण आत काय आहे हे न वाचता मी ती तिच्या हातात दिली याचं वाईट वाटतं. टाकणखारात बोरॉन असतं, आणि चिकट खेळण्यांतून सुटणाऱ्या या बोरॉनला युरोपात किलोमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ब्रिटनमधल्या ‘विच?’ या ग्राहक संस्थेनं २०१८ मध्ये तयार स्लाइमचे ११ नमुने तपासले, त्यातले ८ मर्यादेबाहेर गेले. आपल्याकडे तान्ह्याच्या तोंडात फोड आले की टाकणखाराची लाही मधातून लावायची रीत होती. तेवढ्यावरून तो निरुपद्रवी ठरत नाही. पोटात गेला तर बाळाला तो बाधतो, आणि लहान मुलांचा हात तोंडात जाणारच.

म्हणून आमच्या घरी आता इसबगोलाचं स्लाइम होतं. इसबगोलाच्या भुशीतही त्याच लांब साखळ्या असतात, पाणी पिऊन फुगणाऱ्या. कपभर पाण्यात चहाचा एक चमचा इसबगोल भिजवायचा आणि मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. पाच-सात मिनिटांत तो तार धरू लागतो. बघायची पद्धत तीच, अव्वांची, फक्त चमच्यावरचा थेंब निवू द्यायचा. गॅसपाशी मोठ्यांनीच उभं राहायचं. कोरडी भुशी मुलांच्या तोंडात जाऊ द्यायची नाही, घशात फुगून अडकते.

रंगासाठी बीटाचा रस चालतो, पण भाचीला हळद आवडते. पिवळा गोळा तयार झाला की त्याचे दोन भाग करायचे आणि एकात चिमूटभर खाण्याचा सोडा मळायचा. तो भाग बघता बघता तांबूस होतो. पंढरपूरचं कुंकू हळदीपासूनच करतात, हे मी तिला तेव्हा सांगितलं. तिनं दोन्ही गोळे एकमेकांत पिळले आणि म्हणाली, “मामा, अजून सोडा दे.”

हे स्लाइम टिकाऊ नाही. मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेला की संध्याकाळपर्यंत त्याला पाणी सुटतं. झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन दिवस जातात. आणि खेळायला बसताना खाली जुनी चादर अंथरा, हळदीचा डाग निघत नाही.