सुंभ, पीळ आणि घोड्याचा पाय

सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की अलिबागच्या पुळणीवरून कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या निघतात. परवा एक गाडी परतली, तेव्हा गाडीवाले काका घोडा सोडण्याआधी खाली बसले आणि त्याच्या पुढच्या पायाच्या नळीमागून हात फिरवू लागले. मला म्हणाले, “हात लावून बघा. ही शीर गार असली की मी निर्धास्त.”

हाताला लागली ती ताठ, दोरीसारखी कंडरा. स्नायूला हाडाशी बांधणारा हा दोर. घोड्याच्या पुढच्या पायाचा जो आपण गुडघा समजतो, ते खरं त्याचं मनगट. त्याखाली तो एकाच, मधल्या बोटावर उभा असतो आणि तिथे स्नायू जवळजवळ नसतातच. सगळा भार हाडं, हाडाला हाड जोडणारे अस्थिबंध आणि कंडरांवर.

नळीमागची कंडरा स्प्रिंगसारखी चालते. पाय टेकला की खुरावरचा सांधा खाली दबतो, कंडरा ताणली जाते. पाय उचलताना ती आखडते आणि साठवलेली ऊर्जा परत देते. भरधाव घोड्यात ती लांबीच्या १६ टक्क्यांपर्यंत ताणल्याचं मोजलं गेलंय. तुटण्याची मर्यादा तिथून फार लांब नाही. नळीच्या पुढची कंडरा मात्र खूर पुढे टाकण्यापुरती; ती ३ टक्क्यांच्या आसपासच ताणते. शिवाय थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि दौडीत मागच्या कंडरेचा गाभा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो.

ही कंडरा आतून काथ्याच्या सुंभासारखी असते. कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे पेड, प्रत्येक पेडाला पीळ, आणि पेडांमध्ये मऊ, निसरडा थर. ताण आला की आधी पीळ उलगडतो, पेड एकमेकांवरून सरकतात. खुद्द तंतूंवर ओढ नंतर येते. वय वाढतं तसा तो थर ताठरतो, सरकणं कमी होतं आणि पिळाची उसळी मंदावते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. म्हाताऱ्या घोड्याच्या पायात सुंभ शाबूत असतो, पीळच दमतो.

तंतू नवे का होत नाहीत? होतात, पण इतक्या सावकाश की या कंडरेतलं निम्मं कोलॅजन बदलायला सुमारे २०० वर्षं लागतील असा हिशेब निघालाय. घोडा जगतो २५-३० वर्षं. म्हणजे शिंगरू असताना जे विणलं गेलं, त्यावरच जन्म काढायचा. साधारण २ वर्षांपर्यंत मोकळं हुंदडणं, धावणं कंडरेला घडवतं. पुढे व्यायामाने स्नायू भरतात, हाडं मजबूत होतात, कंडरा मात्र फारशी जाड होत नाही; जास्तीच्या दौडीने तिच्या गाभ्यातल्या तंतूंची नैसर्गिक नागमोड सपाट होत जाते आणि बारीक इजा साठत राहतात. एक दिवस सूज येते, हाताला गरम लागतं. भरून यायला ९ ते १२ महिने, आणि भरतो तो व्रण. मूळचा पीळ नव्हे.

म्हणून “काका, पळवा ना, व्हिडिओ काढायचाय!” हे ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. कोरड्या वाळूत खूर रुततो, घोडा लवकर थकतो; काका ओल्या, घट्ट वाळूवरूनच गाडी नेतात आणि चाल सोडत नाहीत. त्यांचा घोडा १४ वर्षांचा आहे.

दुसराही पाय चाचपून झाल्यावर त्यांनी त्याला लाटांत गुडघाभर पाण्यात नेऊन उभं केलं. पुढचं गिऱ्हाईक घाई करत होतं. काका म्हणाले, “थांबा जरा, पाय निवू देत त्याचे.”