फील्ड डायफ्रॅम की कंडेन्सरचा डायफ्रॅम?

तासगाव-पलूसकडं ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की द्राक्षाची पानं प्रयोगशाळेत यायला लागतात. रोग कोणता, केवडा की भुरी? पानाच्या खालच्या अंगाची पांढरी लव सुईनं खरवडून पाण्याच्या थेंबात घेतली, कव्हरस्लिप ठेवली, मायक्रोस्कोपला ४०एक्सचं ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) लावलं, तर बीजाणू काचेसारखे. नीट दिसेनात म्हणून हात मिळेल ती रिंग फिरवतो. आणि रिंगा असतात दोन.

खालची, बेसमध्ये दिव्याच्या वरची, ती फील्ड डायफ्रॅमची (डायफ्रॅम म्हणजे प्रकाशाची लहान-मोठी होणारी खिडकी). स्लाइडच्या किती भागावर प्रकाश पडावा एवढंच ती ठरवते. दुसरी कंडेन्सरवर, म्हणजे स्लाइडखालच्या प्रकाश एकवटणाऱ्या भिंगावर असते, बहुधा छोट्या दांडीची. ती प्रकाशाच्या शंकूचा कोन ठरवते. म्हणजे कॉन्ट्रास्ट आणि बारकावे तिच्या हातात. आयपीसमधून (डोळ्याजवळच्या भिंगातून) बघत फिरवा: कडांकडून काळी चौकट आत सरकली तर फील्डची; चौकट न येता सगळं चित्र एकसारखं मंद आणि ठसठशीत झालं तर कंडेन्सरची.

ऑगस्ट कोहलर या जर्मन शास्त्रज्ञानं १८९३ मध्ये मांडलेली प्रकाशाची जुळणी याच दोन डायफ्रॅमवर उभी आहे. १०एक्सवर नमुना फोकस करा, फील्ड डायफ्रॅम जवळजवळ बंद करा. त्याची कड धूसर असेल तर कंडेन्सर वर-खाली करा. फोकसच्या नॉबला हात लावायचा नाही, इथंच बहुतेक जण चुकतात. कड धारदार झाली की कंडेन्सरच्या दोन स्क्रूंनी ती मधोमध आणा आणि चौकट दृष्टिक्षेत्राच्या जेमतेम बाहेर जाईल इतकीच उघडा. जास्त उघडली तर भलताच प्रकाश आत शिरून चित्र पांढुरकं पडतं. कड कितीही करून धारदार होईना, तर कंडेन्सर फार खाली उतरलाय का ते आधी बघा.

आता एक आयपीस काढून नळीत डोकवा. प्रकाशाची तबकडी दिसेल, तिच्यात कंडेन्सरचा डायफ्रॅम. तबकडीचा व्यास ७० ते ८० टक्के भरेल एवढा तो उघडा ठेवा. ४०एक्सच्या ऑब्जेक्टिव्हचं एन.ए. (न्यूमरिकल अपर्चर, भिंग किती रुंद कोनातला प्रकाश घेतं त्याचा आकडा) ०.६५, म्हणजे कंडेन्सर साधारण ०.४५ ते ०.५० वर. काही कंडेन्सरवर हे आकडे कोरलेले असतात.

तो पार आवळला तर? हिरव्या प्रकाशात (५५० नॅनोमीटर) ४०एक्सला सुमारे ०.५२ मायक्रॉन अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसू शकतात, कंडेन्सर ०.२ वर आणला की हेच अंतर ०.७९ होतं. शिवाय बीजाणूभोवती काळी-पांढरी कडी उमटते. कडी म्हणजे बीजाणूची जाड भिंत, असा समज इथंच होतो. दांडी थोडी उघडा. कडी विरली तर ती भिंत नव्हतीच.

उजेड डोळ्यांवर येतो म्हणून यातली कुठलीच रिंग आवळू नका. त्यासाठी दिव्याचा नॉब आहे. हॅलोजन मात्र मंद केला की पिवळा पडतो, तेव्हा फोटो काढायचा असल्यास एन.डी. फिल्टर (रंग न बदलता उजेड कमी करणारी काच) बरा.

ऑब्जेक्टिव्ह बदललं की दोन्ही परत लावायचे. १००एक्सवर फील्डचा लहान होतो, कंडेन्सरचा जास्त उघडावा लागतो. शाळेतल्या आरशाच्या मायक्रोस्कोपला फील्ड डायफ्रॅम नसतोच. तिथं शोधत बसू नका, कंडेन्सर असेल तर आरशाची सपाट बाजू वापरा.